तांबूच्या शिंगाची कडी

…आन् वर मलाच म्हनत्यात, हैबती, तुजं डोळं फुटलं का? आता घ्या. माजं डोळं. तुमाला सांगतो, धा कोसावरनं गाय बघून ती किती वेताची हाय, लाथ मारती का न्हाई, आन् मालक खोटं बोलतोय का खरं, हे सांगनारा मानूस म्या. भोरच्या बाजारात लोक गाय घ्यायच्या आदी मला हुडकत येत्यात. आन् मला म्हनत्यात डोळं फुटलं. पर जाऊ द्या, तूप इकून झालंय, उनं उतरंपत्तुर मला वर डोंगरात जायाचं न्हाई, बसा वाईच, तुमीच निवाडा करा.

तर आमची सगुणा. येकुलती येक पोरगी. मानमोडीच्या साली झाली, ज्या साली मानसं किडामुंगीवानी मेली त्या साली आमच्या घरात ही जगली, म्हंजी बगा किती चिवट. सात वरसांची आसताना तिचं लगीन लावून दिलं, भोंगवलीच्या चिमाजीच्या पोराशी. लावलं म्हंजी काय, दोगंबी मांडवात झोपली हुती. रीत आशी, की लगीन लागलं तरी पोर बापाकडं राहनार, शाणी झाली की सासरचे येनार, खणालुगडं घालून घिऊन जानार. शाणी झाली की. म्या म्हनलं, हॅ, त्याला लई वरसं हायेत. वरसं, तुमाला सांगतो, लई हरामखोर आसत्यात. येतो म्हनत न्हाईत, येत्यात.

गेल्या साली सुरू झालं. पोर उंच व्हाया लागली. आमच्या घरात मधी येक मेढ हाय, छपराचा खांब, तिच्यावर म्या दर दिवाळीला कोयत्यानं खूण करतो, सगुणा कुठवर आली ती. दर साली दोन बोटं, दोन बोटं, सरळ हिशोब. आन् गेल्या दिवाळीला येकदम वीतभर. म्या मेढीकडं बगतो, मेढ माज्याकडं. म्या बायकोला म्हनलं, भामाबाई, मेढ खचली. ती म्हनली, मेढ न्हाई खचली, तुमची अक्कल खचली, पोर वाढली. म्या म्हनलं, गप. पोर अजून ल्हान हाय.

मंग कपाळावर पुटकुळ्या. येक, दोन, पाच. म्या म्हनलं गोमाशी चावली. मंग सोभाव. ही पोर, जी माज्या पाठीवर बसून खिंड उतरायची, तिला म्या म्हनलं, चल गं बस पाठीवर, तर म्हनती, "आबा, लोक बगत्यात." कुठले लोक? आमच्या वस्तीला घरं चार, त्यातलं येक पडलेलं. लोक म्हंजी शेळ्या. मंग कारन नसताना हसायची, आन् हसताना काय झालं म्हनून इचारलं की रडायची. भाकर वाढली की म्हनायची भूक न्हाई, आन् सांजच्याला टोपलं रिकामं. शेजारची कोंडाबाई, जिला सोताच्या चुलीपरीस दुसऱ्याच्या चुलीचा धूर लवकर दिसतो, ती कमरंवर हात ठिऊन म्हनली, "हैबती, पोरीच्या अंगात वारं शिरलंय रं. लुगडं न्येसव आता. भोंगवलीला सांगावा धाड." म्या म्हनलं, कोंडाबाई, तुज्या घरची म्हस गेली बग डोंगराच्या पल्याड, तिला सांगावा धाड. पोर अजून ल्हान हाय.

खरं सांगू? भामाबाई मला सांगायची, अजून तसलं काई न्हाई, न्हाण-बिण कायबी न्हाई, उगा चिंता करू नगा. तसलं न्हाई, पर आता फार दिस न्हाईत, आसंबी म्हनायची. हे 'फार दिस न्हाईत' आयकलं की म्या उठून गोठ्यात जायाचो. जन्मापास्नं जी पोर गोठ्यात माज्यासंगं उठली, जिनं वासराला सोताचं बोट चोकाया दिलं, ती उद्या परक्याच्या घरी जाऊन कुणाचं जातं ओढनार. माजा जीव तुटायचा वो. बापाला बोलून दाखवायची सोय न्हाई. आईनं डोळं पुसलं तर लोक म्हनत्यात माया, बापानं पुसलं तर म्हनत्यात चुलीचा धूर लागला.

आन् चिमाजी व्याही काय गप बसतोय? दिवाळीला सांगावा, "पोर मोटी झाली आसंल, धाडून द्या." म्या उलटा सांगावा, पोर अजून ल्हान हाय. संक्रांतीला सांगावा. म्या तेच. शिमग्याला सांगावा आला, त्यात नुस्तं "राम राम" हुतं, पर त्या राम रामाचा आर्थ मला कळला. आन् आखाडात मानूस सांगून गेला, की व्याही सोता येत्यात. बेंदूर झाला की.

आता माजी चूक सांगतो. चूक म्हंजी काय, मोटेपना. पोरीच्या लगनात, भर मांडवात, दोनशे मानसांत म्या छाती फुगवून सांगितलं हुतं, "व्याही, माजी पोर आन् माजी तांबू गाय येका दिसाच्या नात्यातल्या. ज्या दिशी तांबू पयल्यांदा व्याली, त्याच दिशी सगुणा जल्मली." लोक म्हनले वा वा, लक्षुमी आली. कागद न्हाई, पत्रिका न्हाई, पोरीचं वय म्हंजी तांबू. आन् गाईचं वय काय लपतं का? तुमाला ठावं हाय, गाय दर वेताला शिंगावर येक कडं टाकती. चिमाजी त्यातला मुरलेला. त्यानं येऊन शिंगावरनं बोट फिरवलं की झालं. सात कडी. दोन कड्यांच्या मधी दीड वरीस धरलं तर नऊ वरसं, वर अडीच वरसं गाय भाकड. साडेआकरा झाली की वो पोर! म्या तर त्याला दर सांगाव्यात सांगत हुतो, आता कुठं नववं लागलंय.

मंग काय केलं? आता हसू नगा. म्या शिंगं साळली.

व्हय. तांबूची. बेंदराला बैलाची शिंगं साळत्यात, रंग देत्यात, त्यात काय वंगाळ हाय? म्या आदी कोयत्यानं खरवडलं, मंग फुटक्या काचंनं घासलं, मंग तेल लावलं, मंग वर हिंगळाचा तांबडा रंग. सात कडी गुळगुळीत. तांबू बिचारी माज्याकडं आशी बगत हुती, की ह्याला झालंय तरी काय. म्हातारपनी नवरी केली तिला म्या.

आन् सगुणाला समजावलं. "हे बग, व्याही येतील तवा जुना परकर घाल, आखूड. उभी राहू नगंस. कोपऱ्यात बसून सागरगोटे खेळ. तोंड उघडू नगंस. काईबी झालं तरी येक शबूद बोलायचा न्हाई." ती म्हनली, "पर आबा, मला तुमाला येक सांगायचं—" म्या म्हनलं, न्हाई. येक शबूद न्हाई. आत्तापास्नं न्हाई. हे ध्यानात ठेवा तुमी, मंग मला इचाराल.

तर व्याही आले. पायी. भोंगवलीपास्नं डोंगरात, आन् दमल्याली खूण न्हाई, काय मानूस हाय. घोंगडं टाकलं, बसवलं. सगुणा कोपऱ्यात सागरगोटे खेळतीया, गुडघे हनुवटीला लावून, येवढीशी झालीया. म्या मनात म्हनलं, वा रं हैबती. व्याही म्हनले, "पोरी, पानी देतीस का?"

आता पानी बसून देता येतं का? ती उठली. उठली म्हंजी उठतच गेली. परकर गुडघ्याच्या वर राहिला, पोर खालनं वर चालली. आन् माजघरातनं पान्याचा तांब्या घिऊन बाहेर येताना… ठाण. कपाळ चौकटीला. ज्या चौकटीला आजवर फकस्त माजं कपाळ आपटलंय, त्याच चौकटीला. पोरीनं शबूद काढला न्हाई वो! डोळ्यात पानी, पर वट मिटल्यालं. सांगितलेलं आयकनारी पोर हाय.

व्याही चौकटीकडं बगत्यात. म्या म्हनलं, "पावसानं चौकट खाली आलीया."

"व्हय?"

"व्हय. लई पाऊस ह्या साली."

"चौकट खाली आली," व्याही म्हनले, "आन् छप्पर तितंच राहिलं."

मंग पानी पिऊन म्हनले, चला, तुमची गाय तर बगू. गोठ्यात गेलो. त्यांनी तांबूच्या पाठीवर हात ठिवला, पाठीवरनं पोटावर, कुशीला जरा थांबला, मंग मानंवर, मंग शिंगावर. बोट वर गेलं. बोट खाली आलं. परत वर गेलं.

"हैबतीराव, गाईची शिंगं साळलीसा?"

"बेंदूर झाला न्हवं."

"बेंदूर बैलांचा आसतो."

"आमच्यात गाईचाबी आसतो."

"आन् ह्या बाकीच्या चार गाई? ह्या काय सुतकात हायेत?"

बाकीच्या चारींची शिंगं जशीच्या तशी, शेनानं माखल्याली. ह्या येका गोष्टीनं म्या मार खाल्ला. काम करताना म्या पाची गाईंची शिंगं साळायला पायजे हुती, पर हात दुखला वो.

व्याही लई गंभीर तोंड करून म्हनले, "येकबी कडं न्हाई. म्हंजी तांबू अजून व्यालीच न्हाई. आन् तांबूच्या पयल्या वेताला तुमची पोर जल्मली, म्हंजी सगुणा अजून जल्मलीच न्हाई. मंग हे चार वरसामागं आमच्या पोराशी लगीन लागलं, ते कुनाचं?" आन् आसे हसले, आसे हसले, की गोठ्यातली शेळी वराडली. म्या मान खाली घातली. काय करनार? रडावं का हसावं कळंना, शेवटाला दोनीबी केलं.

मंग तितंच, गव्हानीवर बसून चिमाजी मला म्हनले, "हैबतीराव, माजी पोर रतन सासरी निघाली तवा म्या गाडीच्या चाकाची खीळ काढून इहिरीत टाकली हुती. आठ दिस गाडी निगाली न्हाई. कुनाला सांगू नगा." बगा. आन् म्या हितं पन्नास मानसांत सांगतोय. पर मला बरं वाटलं. म्हंजी ह्यो रोग येकट्या माज्या घरचा न्हाई.

म्हनले, "आता आसं करू. पोर तुमाला ल्हान वाटती न्हवं? ठीक. तांबूचं नवं कडं उगवंल, त्या दिशी नेतो. तवर यायचं न्हाई, सांगावा न्हाई. हाय कबूल?"

तुमाला सांगतो, म्या आदी हसू दाबलं. तांबू अडीच वरसं भाकड. म्हातारी. दात गेल्याली. ही व्यानार? हिचं नवं कडं उगवंपत्तुर सगुणा माज्या घरी म्हातारी होईल. म्या बेल-भंडारा उचलून शपत घेतली, वस्तीवरच्या मानसांम्होरं, कोंडाबाईम्होरं, मोट्यानं. व्याही वाट चालू लागले, आन् म्या चारी घरांत गूळ वाटला. पडलेल्या घराच्या उंबऱ्यावरबी येक खडा ठिवला. भामाबाई म्हनली, "कशापायी नाचताय?" म्या म्हनलं, पोर अजून ल्हान हाय. आता कायद्यानं.

तिसऱ्या दिशी सकाळी सगुणा गोठ्यात. कपाळावर टेंगूळ. मला म्हनली, "आबा, आता बोलू का?"

म्या म्हनलं, बोल गं माजे बाय, काय बोलायचं ते बोल.

"तांबू गाभन हाय. सा म्हयने झाले."

…

म्या गाईकडं बगितलं. पोट बगितलं. कास बगितली. धा कोसावरनं सांगनारा मानूस म्या. रोज दोन हातावर उभी आसलेली गाय, आन् मला दिसली न्हाई. म्या म्हनलं, "आदी का न्हाई सांगितलंस?" ती म्हनली, "सांगत हुते. तुमी म्हनलात येक शबूद न्हाई."

आन् आता माज्या ध्यानात आलं, चिमाजीचा हात कुशीला का थांबला. त्याला तवाच कळलं हुतं. त्यो कडी मोजाया न्हाई, वासरू मोजाया गोठ्यात उभा हुता. भामाबाईला सांगितलं तर ती म्हनली, मला तर शिमग्यापास्नं शंका हुती. कोंडाबाईला तर वळू कुनाचा तेबी ठावं. वस्तीवर न कळलेला येकटा मीच. का? तर साल झालं, म्या गाईकडं बगितलंच न्हाई, शिंगं साळली तवाबी नुस्ती शिंगंच बगितली. सकाळ-सांज पोरीकडं बगत हुतो. कपाळावर काय आलं, मेढीवर किती चढली, आज हसली का रडली. पोरीत काय बदललं ते सगळं मला दिसलं, आन् सगळ्यास्नी म्हनत हुतो, काईच बदललं न्हाई.

सगुणा रोज तिला सरकी घालती, पानी दावती. काल माज्या पाठीला टेकून बसली, येक वरसानं, आपसूक. म्हनली, "आबा, कालवड झाली तर मी नेऊ का संगं? तिकडं माज्या वळखीचं कोन न्हाई." म्या म्हनलं, ने. दुसरं काय म्हननार?

आता तीन म्हयनं राहिलं. शपत घेतलीया, बेल-भंडारा उचललाय, मानसांम्होरं. तूप इकलं, हे बगा, खणालुगड्याचं बोचकं घेतलंय. निळं. तिला निळं आवडतं.

पर काल कोंडाबाई वाटंत भेटली. दात काढून म्हनती, "काय रं हैबती, तांबू कवा व्यानार?"

म्या म्हनलं, कोंडाबाई, गाय अजून ल्हान हाय.