सासरेबुवांची व्युत्पत्ती

शिंपीण : हात वर. अहो, हलू नका म्हटलं ना, टाचणी टोचेल!

कोशकार : टोचू दे. माझी लायकीच ती आहे.

शिंपीण : आता काय केलंत? परत चष्म्यावर बसलात?

कोशकार : शब्दकोशाची नवी आवृत्ती उद्या छापायला जातेय. त्यात ‘सदरा’ चुकलाय. तीस वर्षं चुकलाय, आणि चुकवणारा गाढव मीच.

शिंपीण : म्हणजे माझ्या बाबांनी सांगितलेला? ‘सदा अंगावर राहतो तो सदरा’? अहो, ते पान त्यांनी काचेत घालून दुकानात लावलं होतं, ते गेले तरी अजून तिथेच आहे!

कोशकार : म्हणून तर नवी आवृत्ती तपासताना महिनाभर तोंड उघडलं नाही. शब्द अरबीतून आलाय. सद्र म्हणजे छाती. बाबा थाप मारतायत हे मला दुकानात शब्द विचारायला आलो तेव्हाच कळलं होतं.

शिंपीण : कळलं होतं? मग छापलंत कशाला?

कोशकार : तू तिथेच बसून काजं करत होतीस. त्यांना खोटं पाडलं असतं, तर सासरे कसे झाले असते ते माझे? एका मुलीपायी अख्ख्या भाषेला टोपी घातली मी. म्हणे विद्वान!

शिंपीण : आणि वर पाच सदरे शिवून घेतलेत. एक धड बसला नाही. माप देताना पोट आत ओढायचात.

कोशकार : अजून ओढतोय.

शिंपीण : दिसतंय. सोडा.

कोशकार : तूच सांग, काय करू? त्या नोंदीत ‘माहिती देणारे’ म्हणून बाबांचं नाव आहे. नोंद सुधारली की नाव जाणार. छापलेलं नाव त्यांचं तेवढं एकच.

(ती कात्री खाली ठेवते.)

शिंपीण : तुम्ही गेल्यावर पोट धरून हसले होते बाबा. “साहेबाला गंडवलं,” म्हणाले. पण पुस्तक हातात आलं आणि रडले हो. चौथीत शाळा सुटलेला माणूस.

कोशकार : मग राहू दे. एका सदऱ्याने भाषा बुडत नाही.

शिंपीण : छे! बाही चुकली तर बाबा गिऱ्हाइकासमोर कबूल करायचे आणि स्वतः उसवायचे. दुसऱ्याला हात लावू द्यायचे नाहीत. तुम्हीही उसवा.

कोशकार : तुला वाईट नाही वाटणार?

शिंपीण : वाटणार. खूप वाटणार. म्हणून म्हणते, कागद इथे आणा आणि माझ्या शेजारी बसून खोडा.