एप्रिलचा पहिला रविवार

नीलिमा : ...ते राहू दे. आवाज कसा होता आईचा, ते सांग.

हृषिकेश : नीलू, फोन ठेव. दहा मिनिटांत माझा कॉल आहे.

नीलिमा : कसला कॉल?

हृषिकेश : कसला म्हणजे? आईचा! इस्त्रीचा शर्ट घालून लॅपटॉपसमोर बसलोय. यामिनीला सांगून मुलांना ईस्टरची अंडी शोधायला मैत्रिणीकडे पाठवलंय, म्हणजे घरात आवाज नको. आणि तू मध्येच—

नीलिमा : दादा, तुझा कॉल झाला ना? तासाभरापूर्वी?

हृषिकेश : झाला कसा असेल? साडेचारला असतो. गेले अकरा दिवस साडेचारलाच आहे. नाशिकला अकरा, माझ्याकडे साडेचार, तुझ्याकडे साडेतीन. शीट पाठवलंय मी सगळ्यांना. रंगीत.

नीलिमा : माझ्याकडे आत्ता किती वाजलेत, विचार.

हृषिकेश : तीन वीस.

नीलिमा : विचार म्हटलं. सांग नाही म्हटलं.

हृषिकेश : बरं. किती वाजलेत?

नीलिमा : चार वीस.

हृषिकेश : चार वीस माझ्याकडे आहेत. कॅनबेरा टूवूंबाच्या एक तास पुढे. तुझ्याकडे चार वीस असूच शकत नाहीत.

नीलिमा : आज तारीख काय?

हृषिकेश : चार एप्रिल.

नीलिमा : आणि वार?

हृषिकेश : ईस्टर संडे. म्हणजे... थांब.

नीलिमा : एप्रिलचा पहिला रविवार, दादा. आज तुमची घड्याळं एक तास मागे.

हृषिकेश : पण घड्याळं मी सकाळी मागे केली! स्वतः. स्टुलावर चढून. हॉलचं, ओव्हनचं, गाडीचं. सात वाजले होते, त्याचे सहा केले.

नीलिमा : घड्याळं मागे केलीस. आणि शीट?

हृषिकेश : शीटमध्ये फॉर्म्युला आहे.

नीलिमा : काय फॉर्म्युला?

हृषिकेश : टूवूंबा अधिक एक.

नीलिमा : आणि आज?

हृषिकेश : आज... अधिक शून्य.

नीलिमा : म्हणजे आळशीपणा करून एकही घड्याळ मागे केलं नसतंस, तर साडेचार वाजलेले बघून बरोब्बर वेळेला लॉगिन झाला असतास. तू कामसू, म्हणून चुकलास.

हृषिकेश : मी लिंक उघडतो. कदाचित अजून कुणी असेल. बेड एकोणीस... ‘कृपया प्रतीक्षा करा.’

नीलिमा : नाशिकला बाराला दहा कमी आहेत. टॅब कधीच पुढे गेला असेल. एक टॅब, छत्तीस बेड. लिंकवर कुणी नसलं तर सिस्टर दोन मिनिटं थांबतात आणि पुढच्या पेशंटकडे जातात. हे तूच लिहिलंयस शीटखाली. बोल्डमध्ये.

हृषिकेश : माहितीये.

नीलिमा : आजचा नंबर माझा होता.

हृषिकेश : माहितीये, नीलू.

नीलिमा : नाही, बोलू दे मला. काल डॉक्टर म्हणाले, अकराचा कॉल झाला की नळी घालायची. नळी घातली की बोलणं बंद. ते परत कधी सुरू होईल, आणि होईल का, हे पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करणाऱ्या बाईला विचारू नकोस. रोज दुसऱ्यांचे आकडे बघते मी. तरी तू रडलास फोनवर, म्हणालास, मला एकदाच बोलू दे, मला माफी मागायचीय. मी म्हटलं, घे. पाच मिनिटं होती ती, दादा. माझ्या वाटची.

हृषिकेश : मी मुद्दाम केलं का?

नीलिमा : तू मुद्दाम कधीच काही करत नाहीस. तू नियमाने करतोस.

हृषिकेश : हे आत्ता काढायचं आहे का?

नीलिमा : कधी काढू? पुढच्या ऑक्टोबरात? मागच्या वर्षी मार्चमध्ये ती तुझ्या घरात होती. कॅनबेरात, गुंगालिनमध्ये. तुझ्या गेस्टरूममध्ये, दोन स्वेटर घालून. सगळं जग बंद होत होतं. मी म्हटलं, ठेवून घे.

हृषिकेश : व्हिसावर अट होती. पुढे मुक्काम नाही.

नीलिमा : अट शिथिल करायचा फॉर्मही होता. मी भरून पाठवला होता. तुझी फक्त सही पाहिजे होती.

हृषिकेश : मी सरकारी नोकर आहे, नीलू. आमच्याच लोकांकडे मी माझ्या आईसाठी अपवाद मागायचा?

नीलिमा : मग कुणासाठी मागतात अपवाद?

हृषिकेश : तेव्हा कुणाला माहीत होतं? तेव्हा तिकडे दोनशेसुद्धा केसेस नव्हत्या. लोक म्हणत होते, उन्हाळ्यात जाईल.

नीलिमा : आईला शेवटच्या विमानात बसवलंस आणि मला मेसेज केलास, ‘डिपार्टेड ऑन टाइम’.

हृषिकेश : मी ‘कृपया प्रतीक्षा करा’ बघतोय.

नीलिमा : आणि हे घड्याळाचं खूळ. आमचं क्वीन्सलँड मागासलेलं, कारण आम्ही काटे हलवत नाही. म्हणे घड्याळ बदललं तर आमच्या गाई गोंधळतात, जास्तीच्या उन्हाने पडदे विटतात, काय काय जोक ऐकले मी तुझे. ऑक्टोबरात मराठी मंडळाच्या झूमवर वादविवाद केलास, ‘घड्याळ बदलावे की न बदलावे’. पहिली तीन मिनिटं म्यूटवर बोललास, तरी पहिला आलास. बक्षीस स्टीलचा डबा. कुरियरने.

हृषिकेश : मुद्दे चांगले होते.

नीलिमा : आई नाशिकहून ऐकत होती. शेवटी प्रश्न विचारला तिने, आठवतोय?

हृषिकेश : ऑक्टोबरात सरकार एक तास घेतं आणि एप्रिलमध्ये परत देतं, तर मधले सहा महिने तो असतो कुणाकडे?

नीलिमा : तू काय उत्तर दिलंस?

हृषिकेश : म्हटलं, हा प्रश्न विषयाला धरून नाही.

नीलिमा : बारा वर्षं दर रविवारी तू तिला साडेचारला फोन करतोस. साडेचार म्हणजे तुझे साडेचार. आणि बारा वर्षं एप्रिलच्या पहिल्या रविवारी ती अकरा वाजता फोनजवळ खुर्ची ओढून बसते, आणि तुझा फोन येतो तिच्या बाराला. कुकर बंद करून बसायची ती, दादा. विचारलं की म्हणायची, अगं, त्याने वेळेवरच केला, आमच्याकडे उशीर झाला.

हृषिकेश : हे मला कधी बोलली नाही.

नीलिमा : तुला कशी बोलेल? तू फॉर्म्युला समजावला असतास. थांब, लीनाचा फोन येतोय. ती तिथेच आहे, हॉस्पिटलच्या गेटबाहेर. तिघांचा करते... लीना? बोल. दादाही आहे लाइनवर.

लीना : ताई, आधी मला एक सांग. तुमच्याकडे घड्याळ मागे करतात का? असं काही असतं का खरंच?

नीलिमा : असतं. का?

लीना : अगं बाई. म्हणजे आत्या भ्रमात नाहीये.

हृषिकेश : लीना, आई काय म्हणाली?

लीना : दादा, तू कुठे होतास? अकराला सिस्टर टॅब घेऊन गेल्या, तर लिंकवर तू नाहीसच. दोन मिनिटं थांबल्या, गेल्या पुढे. मग डॉक्टर आले नळीचं बघायला, मला खाली सहीला बोलावलं. मी केली सही. आणि वर आत्या तयारच होईना. तोंडावर तो घट्ट मास्क, बोलता येत नाही नीट. पद्मा सिस्टरकडे खुणेने पेन मागितलं आणि कसल्याशा फॉर्मच्या पाठीवर लिहिलं. सिस्टरने फोटो पाठवलाय मला.

नीलिमा : वाच.

लीना : अक्षर पार उतरलंय गं. ‘आज त्यांचं घड्याळ मागे. हृषी बाराला येईल. दरवर्षी येतो. तोवर हात लावू नका.’ आणि खाली, थांब, हे पुसट आहे... ‘ही विनंती.’ आणि सही. पूर्ण नाव. सुहासिनी श्रीधर वैद्य.

नीलिमा : दादा?

हृषिकेश : ऐकलं.

लीना : मला वाटलं, ऑक्सिजन कमी झाला की माणूस असं बोलतं. अर्धा तास तोच विचार करत गेटपाशी उभी होते. मग म्हटलं, ताईला विचारावं तरी. लाइन लागता लागेना.

नीलिमा : सॅचुरेशन किती आहे तिचं?

लीना : मघाशी एक्क्याऐंशी म्हणाले.

नीलिमा : मास्कवर?

लीना : हो.

हृषिकेश : नीलू, एक्क्याऐंशी म्हणजे काय? तुझ्या भाषेत नको सांगू, माझ्या भाषेत सांग.

नीलिमा : तुझ्या भाषेत? मुदत संपली, दादा.

हृषिकेश : लीना, वर निरोप दे. म्हणावं, थांबू नका. मुलगा म्हणतोय, थांबू नका. आत्ता करा.

नीलिमा : आणि तुझं बोलणं? चालेल तुला?

हृषिकेश : नाही चालणार. जन्मभर नाही चालणार. पण माझ्या साडेचारसाठी तिला ताटकळत ठेवायचं नाही. बास झालं. लीना, सांग त्यांना!

लीना : अरे, सांगितलं की! मी, सिस्टर, डॉक्टर, सगळे सांगून थकले. डॉक्टर दोनदा येऊन गेले, म्हणाले, आजी, असं नियमात बसत नाही. ती बोट करते भिंतीवरच्या घड्याळाकडे. मास्क दोन्ही हातांनी धरून बसलीय. शेवटी म्हणाले, बरं आजी, बारा. बाराच्या पुढे एक मिनिटही नाही.

हृषिकेश : मग टॅब आणा ना आत्ताच! मी इथेच आहे, लिंक उघडी आहे!

लीना : टॅब गेला दुसऱ्या मजल्यावर. चार्जिंगला. लिफ्ट बॉडी न्यायला अडकलीय, म्हणून पद्मा सिस्टर जिन्याने गेल्यात. ते सगळं प्लास्टिक अंगावर घालून, एप्रिलच्या उकाड्यात. मी फोनवर आहे त्यांच्याशी, दुसऱ्या मोबाइलवरून.

नीलिमा : किती वाजले?

हृषिकेश : चार सव्वीस.

नीलिमा : माझ्याकडेही.

हृषिकेश : पहिल्यांदाच आपल्या दोघांचं जमलं.

नीलिमा : विनोद करू नकोस. कॅमेरा चालू आहे?

हृषिकेश : आहे.

नीलिमा : म्यूट?

हृषिकेश : काढलाय. तीन वेळा बघितलं.

नीलिमा : काय बोलणार आहेस?

हृषिकेश : चार मुद्दे लिहून काढलेत.

नीलिमा : मुद्दे?

हृषिकेश : पहिला, मार्च महिन्यातील निर्णयाबाबत—

नीलिमा : फाड तो कागद.

हृषिकेश : नीलू, मला सुचणार नाही ऐन वेळी.

नीलिमा : फाड. मला आवाज ऐकू आला पाहिजे.

हृषिकेश : ...आला?

नीलिमा : आला. आता मला स्पीकरवर टाक आणि लॅपटॉपशेजारी ठेव. मी बोलणार नाही. पाच मिनिटं तुझी आहेत, मी नुसती ऐकते. तेवढं चालतं ना नियमात?

हृषिकेश : चालतं. नसेल तरी चालतं.

लीना : दादा, सिस्टर पोचल्या! धापा टाकतायत. बेडपाशी आहेत. कोड मागतोय म्हणे टॅब.

हृषिकेश : एकोणीस, शून्य, चार. शीटमध्ये वरच्या ओळीत आहे.

लीना : एकोणीस शून्य चार, सिस्टर! हो. हो... फिरतंय म्हणे गोल गोल. डॉक्टर दारात उभे आहेत.

नीलिमा : किती वाजले, दादा?

हृषिकेश : एकोणतीस. नाही, आत्ता तीस झाले.

(लॅपटॉपमधून मास्कमधल्या हवेचा सूं सूं आवाज. मग, फार लांबून, एक हाक.)

आई : हृषी...

हृषिकेश : आई! दिसतोय का मी? आई, मी तेव्हा तुला पाठवायला नको होतं गं. मी सही करायला—

आई : किती... वाजले तुझ्याकडे?

हृषिकेश : साडेचार.

आई : मग... वेळेवर आलास.