निळी केबल

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक जोडपं बसलं होतं. नवऱ्याच्या दोन्ही डोळ्यांवर पट्टी होती.

“तो जुना सर्व्हर भंगारात देऊन टाक. मॉनिटर जोडायला जागाच नाही त्याला.”

“अहो, मागे ‘कन्सोल’ लिहिलेलं भोक आहे. तुमच्या खणातली निळी केबल तिथे लावली आणि दुसरं टोक लॅपटॉपला.”

“तू लावलीस?”

“मग कोण? आधी नुसती गिचमिड अक्षरं आली.”

“लॅपटॉपचा आणि सर्व्हरचा वेग जुळला नसेल.”

“तोच बदलला. फोनवर लोकांना सांगताना तुम्हाला शंभरदा ऐकलंय. मग सर्व्हरने लॉगिनचं नाव विचारलं.”

“काय टाकलंस?”

“माझं.”

“अगं, ते कसं चालेल?”

“नाहीच चाललं. पट्टी निघाली की तुम्ही बघा.”

“आणि पट्टी निघूनही दिसलं नाही तर?”

“तर मी वाचेन, तुम्ही सांगा. उठा, आपल्याला बोलावलंय.”