लाल दिवा आणि ओढ्याची वाट

ऐका. जवळ सरा, मला ओरडून सांगता येत नाही आता.

आपल्या तालुक्याच्या रेडिओ केंद्रावर निवृत्ती सोनटक्के होते. निवेदकाशेजारी बसून तबकड्या लावायचे. लाल दिवा लागला की माईक सुरू. मग खोकलासुद्धा गिळायचा. सगळी नोकरी त्यांनी अशी तोंड मिटून केली. घरी बायको, कलावती, रेडिओ ऐकत बसलेली असायची. सभा, म्हणजे रात्रीचं प्रसारण, संपली असं निवेदक म्हणाला की ती चुलीवर तवा ठेवायची.

ती बाई गेली. दिवसकार्य उरकलं आणि निवृत्तीराव कामावर हजर. रडले नाहीत. आतून बधिर झाला होता माणूस, दुसरं काय! त्या रात्री सडक सोडून ओढ्याच्या वाटेनं निघाले. केंद्राच्या फाटकावरच्या रखवालदारानं, दगडूनं, अडवलं, तिथं चकवा आहे म्हणाला. असू दे, म्हणाले. घरी तरी कोण वाट बघतंय?

ऐका हं. ओढा ओलांडला. बाभळ आली. चालले, चालले, पुन्हा तीच बाभळ! अजून चालले. पुन्हा बाभळ! मग झुडपातून निवेदकाचा आवाज, 'आमची सभा इथं संपत आहे.' तिथं ना माणूस, ना रेडिओ! आपण पळालो असतो. यांना भीतीच वाटेना. चालत राहिले.

मग कानाशी कलावती बोलली.

"सभा संपली ना? भाकरी टाकू का?"

तेव्हा मात्र पाय थांबले. ओ दिली की चकवा माणसाला नेतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. यांनाही होतं. तरी तोंड उघडलं. मान वर केली, तर समोर लाल दिवा! गोल फिरवताना चकव्यानंच त्यांना केंद्राच्या मनोऱ्याकडं वळवलं होतं, दिवा त्याच्याच टोकावरचा. लाल दिवा दिसला आणि सवयीनं तोंड मिटलं.

ती मागून विचारतच होती. हे दिव्याकडं बघत चालत फाटकाशी आले. दगडूनं धरून बसवलं, वाचलात साहेब म्हणाला.

"टाक म्हणायचं होतं," निवृत्तीराव म्हणाले. रडले तेव्हाही नाहीत.

म्हणून सांगतो, त्या वाटेनं कधी जाऊ नका. तिथं आपलंच माणूस बोलवतं, आणि जिवंत यायचं तर त्याला उत्तर देता येत नाही.