चारशे काटू नका, सर

— थांबा सर, थांबा, पेनाले टोपण लावा पहिले. एसटीले अजून अर्धा घंटा हाये, तुमचा फार्म काही वर्ध्याले पायी जाऊन नाई राह्यला. बसा असे गादीवर. चपला राहू द्या तिथंच, रूपरावच्या दुकानातून आजवर कोणाची चप्पल गेली नाई. हां, मंग, काय म्हनलं तुम्ही? आमच्या सुलोचनेनं नागपूरच्या विभागीय स्पर्धेत दोनच शर्यतींत नाव द्याचं, अन् त्या दोन म्हंजे शंभर अन् दोनशे. अन् चारशे काटाची. दम नाई म्हणता पोरीत. बरं. तुम्ही पीटीचे सर, मी कापड इकणारा, मी काय बोलू? — बोलतोच पण. बाप हाय तिचा.

शंभर म्हंजे काही शर्यत हाय का, सर? मांगच्या आठवड्यात जिल्ह्याच्या स्पर्धा पाहाले वर्ध्याले गेलतो नं मी, दुकान बंद ठेवून — मी दिवाळीतबी बंद नाई ठेवत — अन् शंभरच्या वक्ताले धोतराचा सोगा खोसाले खाली वाकलो, वर पाहतो तं संपली! लोकं टाळ्या वाजवून राह्यले. बाजूच्याले इचारलं, तं म्हणे, तुमची दुसरी आली. आली असन बापा, बापाले तं दिसलीच नाई. चारशेत कसं, पुऱ्या मैदानाले चक्कर होते, माणूस आरामात पाहू शकते, शेजाऱ्याले दाखवू शकते की हे पाहा, हे आमची. — हे कारण चालत नाई? बरं, दुसरं देतो. पोरीचा स्वभाव पाहा. सकाळी उठवलं तं अर्धा घंटा नुसती गोधडीत बसून राहते. असं माणूस बंदुकीच्या आवाजाले एकदम सुटन का? तिले गरम व्हाले टाइम लागते. मायवर गेली. तिची माय सकाळी भांडण सुरू करते अन् रंगते दुपारच्याले. — हासता काय सर, भोगून राह्यलो तेच सांगतो.

हो, वर्ध्याची चारशे पाह्यली मी. ह्याच डोळ्यानं पाह्यली, मले काय सांगता? पहिल्या वळणावर पुढं, दुसऱ्या वळणावर पुढं, हिंगणघाटची ते उंच पोट्टी धा हात मांग. अन् शेवटच्या सरळ पट्टीवर रेघ समोर दिसून राह्यली अन् हिचे पायच गळाले. एकामागून एक चार पोट्ट्या निघून गेल्या बाजूनं. पाचवी आली. तुम्ही लगेच वहीत लिहून मोकळे, दम नाई म्हणून. अन् इथं? कापसाच्या जिनाच्या मांगच्या पटांगणात हेच पोरगी रोज दोन चक्कर मारते, चारशे पुरे करते अन् वरून मले दुकानात डब्बा आणून देते. तुम्हीच घड्याळ लावलं होतं नं? तुम्हीच म्हनलं नं, रूपराव, अशी वेळ जिल्ह्यात कोण्या पोरीची नाई? मंग तो दम एसटीत राह्यला का सांडून? दमाचं काहीच नाई सर, तिले फक्त अठ्ठावीस मीटर जास्त पडले.

— काय? अठ्ठावीसच काऊन? अंदाजानं म्हनलं. कोणी पंचवीस म्हणते, कोणी तीस म्हणते, मी अठ्ठावीस म्हणतो. कापडवाल्याची नजर असते. असं पाहू नका माह्याकडं. पान खासान? नाई? चहा सांगतो.

पटांगण कोणी मोजलं? — मीच मोजलं, कबूलच हाय नं. तुमाले शाळेतून टेप भेटत नव्हता, तं मीच म्हनलं, टेप कायले पायजे, दुकानातला लोखंडी मीटर हाय आपल्याजवळ. दोन दिवस वाकून वाकून मोजलं, दोनशेचं एक चक्कर, चुना टाकला, आठ दिवस कंबर धरून बसलो. सरपंचानं नारळ फोडला, मले हार घातला. हाच मीटर, हा. — नाई, हातात कायले घेता, राहू द्या, काळा होईन हात. मीटरचा कायदा आला तवापासूनचा हाय सर, अठरा-एकोणीस वर्सं झाली. झिजते नं! लोखंडबी झिजते. दोन्हीकडून सारखं? हो, दोन्हीकडून सारखंच झिजलं. इकडून दोन बोटं, तिकडून दोन बोटं. अन् कानशीनं घासला असं काही नाई. — तुम्ही कानशीचं नावच नाई घेतलं? खरं हाय. मीच घेतलं.

बरं. आता ऐकूनच घ्या, पण हळू. चार बोटं म्हंजे सात सेंटीमीटर. शंभराले सात मीटर, चारशेले अठ्ठावीस. पोरगी सालभर तीनशे बहात्तरच धावून राह्यली अन् चारशे समजून राह्यली. अन् धावते कशी? पावलं मोजून. गावात दोन चक्कर झाले की दोनशे सोळा पावलं. वर्ध्याले दोनशे सोळा झाली, सारी ताकद देऊन झाली, अन् रेघ अजून तिकडंच! घरी आली, मायच्या शिलाई मशिनीवरची पट्टी उचलली, अन् मी जेवाले बसलो होतो तवा इथं येऊन मीटर मोजला. मी दारातून पाह्यलं. मोजला अन् जागेवर ठेवून देल्ला. सहा दिवस झाले सर, माह्याशी बोलत नाई. पाणी आणून ठेवते अन् जाते. तुमाले सांगितलं तिनं? नाई नं? मायलेबी नाई सांगितलं. बापाचं दुकान हाय म्हणून. तुम्ही म्हनलं चारशे काटतो, तं 'बरं सर' म्हणाली असन. मंग कोठ्यात गेली अन् बैलाच्या मांग उभी राहून रडली. मी ऐकलं. मले लाज वाटली सर, लय लाज वाटली. लोकायची चार-चार बोटं घेतली इतकी वर्सं, तं कधी काही वाटलं नाई. पोरीचे अठ्ठावीस मीटर घेतले अन् अन्न गोड लागून नाई राह्यलं.

दम हाय तिच्यात. असा दम हाय की एक शब्द तोंडातून काढला नाई. तवा शंभर काटा, दोनशे अन् चारशे लिहा. पंधरा दिवस हायेत नागपूरले, नवीन मोजून द्या पटांगण, तेवढ्यात बसवून घेते ते आपली पावलं. अन् गावाले सांगजा की चुना पुसला गेला म्हणून नवीन टाकला. माह्यं नाव तेवढं येऊ देऊ नका, धंदा हाय, उद्यापासून गिऱ्हाइक — काऊन, काय झालं? दाराकडं काय पाहून राह्यले?

— अनुसयाबाई! या, या. कवापासून उभ्या हाय तुम्ही?

पानाचं इचारलं तवापासून? म्हंजे सारंच ऐकलं.

सर, ह्या अनुसयाबाई. ह्यायच्या कानावर गेलं की कोतवालाले दवंडी द्याचं काम पडत नाई. झालं मंग. आता लपवाचं कोणापासून? लिहा सर, ह्यायच्यासमोरच लिहा. चार, शून्य, शून्य. घट्ट लिहा. अन् निघा, एसटी चुकली तं पोरगी मले जल्मात माफ नाई करणार.

— बसा बाई. पोळ्याले परकराचं कापड नेलं होतं नं तुम्ही, आखूड झालं म्हणून भांडाले आल्या होत्या, तं मी म्हनलं होतं धुतल्यानं आटलं.

धुतल्यानं नाई आटलं ते.