पितृपक्षात विमा भरत नाहीत

चूक आमच्या बाबांची. नाव घेऊनच सांगतो, मला काही लाज नाही – शामसुंदरशास्त्री, रामकुंडावर श्राद्धं सांगतात, तुम्ही वडिलांचं करायला कधी गेला असाल तर पाहिलंही असेल, पाणी सोडताना यजमानाचा हात चुकला की अख्ख्या घाटाला ऐकू जाईल असे खेकसणारे – तेच. त्यांच्यापायी माझी गाडी गेली. म्हणून सांगतोय काका, पितृपक्ष उरकला की भरतो, हे माझ्यासमोर म्हणू नका. पॉलिसी गुरुवारी संपतेय तुमची. गुरुवारी रात्री बारानंतर गाडी रामभरोसे, आणि रामाचं काय चालतं ते मी रामकुंडावर लहानाचा मोठा झालोय, मला विचारा. बसा. तो स्टूल डुगडुगतो, भिंतीला टेकवून घ्या.

महाग झालाय – मान्य. गेल्या वर्षीपेक्षा अकराशे जास्त – तेही मान्य. मी वाढवले का? मी आरटीओबाहेर टेबल टाकून बसलेला माणूस, आणि टेबल तरी माझं कुठे, टेबल धोंडीरामभाऊंचं, छत्री त्यांची, शिक्का त्यांचा. दर वरून येतो, मी फक्त मोठ्यानं वाचून दाखवतो आणि शिव्या खातो. घराच्या विम्याचं तर बोलूच नका – गेल्या वर्षीच्या पुराआधी कोणी फुकट घेत नव्हतं, आता नदीकाठची माणसं हौसेनं विचारायला येतात आणि आकडा ऐकून उठून जातात. तुमचं इंदिरानगर, तुम्हाला नदी लांब. तुम्ही गाडीचंच बघा.

माझी इंडिका होती. जुनीच घेतलेली, पिवळ्या पाटीची, टुरिस्ट परमिटवर – त्र्यंबक, शिर्डी, वणी, भाविक सांगतील तिथे. इंजिनिअरिंग तिसऱ्या वर्षाला सोडलं मी. सोडलं असं मी म्हणतो, कॉलेजचं म्हणणं थोडं वेगळं आहे. बाबांचं म्हणणं होतं, बस माझ्याशेजारी पाटावर, मंत्र तोंडपाठ आहेतच. मी म्हटलं, मेलेल्यांच्या जिवावर जगणार नाही. बापाला म्हटलं हे, ज्यानं त्याच भातावर मला वाढवलं आणि कॉलेजची फीसुद्धा त्याच भातातून भरली – पण तेव्हा मला हे वाक्य फार जबरदस्त वाटलं होतं. ते तासभर ओरडले. गधड्यापासून सुरुवात, मग शंख, मग कुलदीपक – कुलदीपक आला की समजायचं आता उतार लागला. आणि आठ दिवसांनी ऐंशी हजार काढून दिले. बाकीचं पतपेढीनं दिलं. मी पैसे खिशात घालताना काय म्हणावं? म्हटलं, यापुढे तुमच्याकडे एक रुपया मागणार नाही. वाक्यं टाकायची फार खोड होती मला. गाडी चालवता यायला लागायच्या आधीपासून डायलॉग यायचे.

तर गेल्या सप्टेंबरात पॉलिसी संपत आली, आणि लागला पितृपक्ष. आता आमच्या घरात पितृपक्षात नवं काही करत नाहीत. नवी चप्पल नाही, नवी कढई नाही, आईनं एकदा केरसुणी आणली तर ती पंधरा दिवस दाराबाहेर उभी. मग विमा कुठला? घटस्थापनेला भरू. झालं. पॉलिसी बुधवारी संपली, गाडी शुक्रवारी गेली. एवढीच गोष्ट.

कशी गेली? तुम्हाला हसू येईल, सगळ्यांना येतं. त्या दिवशी रामकुंडाशी पाय ठेवायला जागा नव्हती, पितृपक्ष म्हणजे आमचा सीझन – बाबांना सोडलं आणि गाडी वरच्या अंगाला घारपुरे घाटावर लावली. पाऊस होता, धरणाचं पाणी सोडलं होतं, लोक म्हणत होते दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलंय. मी नाशिकचा ना – नाशिकच्या माणसाला पूर मारुतीच्या अंगावर मोजायची सवय. म्हटलं कंबर म्हणजे काहीच नाही, अजून छाती आहे, गळा आहे, डोकं आहे, वेळच वेळ आहे. आणि गाडी हलवायची सोडून गेलो कुठे? होळकर पुलावर. पूर बघायला. अर्धं गाव तिथेच, भुईमुगाच्या शेंगा खात. तेवढ्यात कोणीतरी ओरडलं, ती बघा गाडी चालली. मीही बघितली. पांढरी, नाक पाण्यात, मागचं वर, गोल फिरत येतेय. मी शेजारच्याला कोपरानं ढोसून म्हटलं, कोणाची तरी लागली बघ वाट. हसलोसुद्धा. मग ती पुलाजवळ आली आणि पिवळी पाटी दिसली.

पुलाच्या खांबाला जाऊन बसली. दोन दिवसांनी काढली तेव्हा आत हा एवढा गाळ आणि कोणाच्या तरी श्राद्धाची पत्रावळ. धोंडीरामभाऊ बघायला आले, बिचारे चिखलात उतरले, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "पूर दोन दिस आधी आला असता तर समदं भरून भेटलं असतं. आता मी काय बी करू शकत नाय." त्यांनीच मग हे टेबल दिलं. विमा न भरून बुडालेल्या माणसासारखा विमा कोण विकणार? लय भारी जाहिरात हाय म्हणाले. त्यांचा धंदा वाढलाय माझ्यामुळे.

काय? – हो, बरोबर. मुदतवाढ म्हणजे नवं काम थोडंच आहे, जुनंच पुढे चालू. तुम्हाला बसल्या बसल्या सुचतं, तर शास्त्रीबुवांना सुचणार नाही का? – सुचलं होतं की. ते स्वतःच म्हणाले, विमा म्हणजे नित्यकर्म, त्याला कसला पितृपक्ष, रोज दात घासतो ना. तसे कर्मठ दुसऱ्यांसाठी, घरच्यापुरते सोयीचे. महिनाभर आधीच दहा हजार पाकिटात घालून, न मागता माझ्या हातात ठेवले होते त्यांनी. ज्या माणसाला गिऱ्हाइकांचे तीन पिढ्यांचे बाप पाठ आहेत, तो माझ्या पॉलिसीची तारीख विसरेल?

मग भरले का नाहीत – अहो, तेच तर. दहा हजार त्याच्या आदल्या वर्षीच्या हिशेबानं होते. इथे आलो, याच टेबलाशी, तुम्ही बसलात तिथेच उभा – तर भाऊ म्हणाले तेरा हजार सहाशे. मी भांडलो. गाडी एक वर्षानं जुनी झाली आणि विमा वाढला कसा, तुमचंच वाक्य, शब्दाला शब्द. भाऊ म्हणाले दर वाढलाय, माझा बी वाढलाय, मी कोणाला सांगू. छत्तीसशे कमी पडले. घरी जाऊन मागायचे, एवढंच. बाबा ओरडले असते, गधडा, शंख, कुलदीपक, आणि दिले असते. पण मी म्हणालो होतो ना – एक रुपया मागणार नाही. त्या वाक्याची लाज वाटायला लागली होती, पण सोडवत नव्हतं. चार दिवस पाकीट खिशात घेऊन हिंडलो. पाचव्या दिवशी सातपूरला एका गाळ्यात जाऊन गाडीत म्युझिक सिस्टिम बसवली. वूफर, ॲम्प्लिफायर, सगळं. हिशेब केला होता मी, इंजिनिअरिंगचा हिशेब – नवरात्रात वणीच्या फेऱ्या, गाणी जोरात वाजतात म्हणून फेरीमागे दोनशे जास्त, दहा दिवसांत विम्याचे पैसे उभे. प्रश्न फक्त मधल्या पंधरा दिवसांचा.

बघू नका असं. विचारलंत म्हणून सांगतोय.

मग बाबांनी विचारलं, भरलास का. ते जेवत होते, आई वाढत होती. आणि मी – ज्यानं जानवं काढून खुंटीला टांगलं होतं, ज्यानं पिंडाच्या भाताला नाही नाही ते म्हटलं होतं – मी ताटात बघत म्हटलं, "पितृपक्षात नको, बाबा. घटस्थापनेला भरतो."

त्यांचा घास हातात राहिला. मला वाटलं, आता गधडा. तर ते आईला म्हणाले, कुसुम, ऐकलंस का. एवढंच, हळू. नित्यकर्माचा सगळा मुद्दा सोडून दिला तिथल्या तिथे. म्हणाले, तुझ्या मनात आलंय तर तसंच कर. दुसऱ्या दिवशी घाटावर यजमानांना सांगत होते, मी गाडीत बसून ऐकलं – आमचा अथर्व तिथी-वार पाळायला लागला हो, न सांगता. नवा वूफर माझ्या पाठीमागे, आणि ते खिडकीतून माझ्याकडे बोट दाखवतायत. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माझं कौतुक केलं, तेही विम्याच्या पैशावर.

आणि पुरानंतर त्यांनी ते स्वतःवर घेतलं. भेटेल त्याला सांगतात, मी त्याला सांगायला हवं होतं, शास्त्र मला माहीत होतं, पोराच्या श्रद्धेला भुललो आणि त्याची गाडी घालवली. पतपेढीचा हप्ता तेच भरतात. सकाळी एक श्राद्ध जास्त घेतात त्यासाठी, आणि गुडघा दुखतो तो आईलाच सांगतात. मी खरं सांगणार होतो. दसऱ्याला सांगणार होतो, मग दिवाळीला. आता चारचौघांत तेच सांगतो जे ते सांगतात, तुम्हाला आल्या आल्या सांगितलं तसं – चूक बाबांची. दिवसातून पाच-सहा गिऱ्हाइकांना. विमा खपतो त्यावर.

बरं, तुम्ही भरताय का? फॉर्म काढू? – नाही. घरी विचारून येतो म्हणता. या, या. स्टूल तिथेच राहू द्या, मी घेतो आत. आणि हे बाबांच्या कानावर घालू नका, रामकुंडावर गेलात तर. त्यांचं आता कोणावर ओरडणं राहिलेलं नाही. गाडी भंगारात बावीस हजारांना गेली, आणि वर्ष झालं, त्यांनी मला एकदाही गधडा म्हटलेलं नाही.