दहापैकी दहा

यायरा : हे अक्षर माझं नाही.

ओकाई : अक्षराचं काय लोणचं घालायचंय? नाव तुझंच आहे ना? खाली सही ठोक आणि मोकळी हो.

यायरा : “यायरा अग्बेली, वय एकोणीस. हेडसेट सलग तीन तास घालून खेळले. डोक्यावर काही आहे हे जाणवलंसुद्धा नाही. आराम : दहापैकी दहा. आवाज : दहापैकी दहा.” ओकाईदादा, हा हेडसेट मी आज पहिल्यांदा बघतेय. माझ्या वाट्याचा तर अजून खोक्यातून निघालेला नाही.

ओकाई : बाकीच्या अकरा जणांनी घातला. मीही घातला. कुणी हूं की चूं केलं नाही. तू काय वेगळ्या मातीची आहेस?

यायरा : अकराच्या अकरा परवा न्हाव्याकडून आलेत. त्यांच्या डोक्यावर कढई उपडी घातली असती तरी नीट बसली असती.

ओकाई : जीभ आवर. माझ्या गेमिंग सेंटरात बसून माझ्याच टीमला नावं ठेवतेस?

यायरा : टीमला नाही, तुम्हाला ठेवतेय. हेडसेट पारखायला तुम्ही अकरा टकली जमवलीत, आणि बारावं माझंही तसंच धरलंत.

[कोर्ले, ओकाईची बायको, शेजारच्या आपल्या वेण्या घालून देण्याच्या दुकानातून कंगवा हातात घेऊनच आत येते.]

कोर्ले : काय कालवा चाललाय? माझं गिऱ्हाईक अर्धं डोकं सोडून पळायला आलं.

ओकाई : तूच निस्तर आता. तूच हिच्या डोक्यावर हे रान माजवलंस.

कोर्ले : रान? डोकंभर वेण्या घालत सात तास उभी होते मी. शेवटी वेण्या सुटू नयेत म्हणून टोकं उकळत्या पाण्यात बुडवताना बोटं भाजली माझी. आणि तुम्ही रान म्हणा!

यायरा : आंटी, बघा ना. घालू का? घालतेच. हे पाहा, पट्टी इथे वेण्यांच्या मुळावर बसते. अजून चार दिवसही झाले नाहीत, उशीवर डोकं ठेववत नाही मला. आणि कानापाशी बघा, बोट जातंय की नाही?

कोर्ले : माझं तर आख्खं बोट गेलं.

ओकाई : नाटकं! थांब, आवाज लावतो. पाठमोरी बस. कुणीतरी चालत येतंय. कुठून?

यायरा : समोरून.

ओकाई : मागून, डावीकडून! लक्ष दे जरा.

यायरा : लक्ष देऊन काय करू? मला तुमचा पंखा ऐकू येतो. रस्त्यावरचा गाडीवाला प्रवासी भरायला “अक्रा, अक्रा” म्हणून शहराचं नाव ओरडतोय तो स्पष्ट ऐकू येतो. खेळातला माणूसच तेवढा येत नाही. आता परत लावा. मी दोन्ही हातांनी दाबून धरते.

ओकाई : ...आता?

यायरा : मागून, डावीकडून. जिना चढतोय. आवाज झकास आहे हो, मी कुठे नाही म्हणते? पण दोन्ही हात कानांवर ठेवले तर खेळायचं काय पायांनी?

ओकाई : मग वेण्या सोड. नाहीतर आंटीकडून डोक्याला चिकटून घालून घे. नाहीतर सरळ भादरून टाक. केसच आहेत, परत येतील.

यायरा : तीन वर्षं मुलींच्या शाळेत नियमच होता म्हणून भादरून घेतलंच की. केस बोटभर वाढले की मॅडम कात्री घेऊन रांगेपाशी उभ्या. निकाल लागला त्या दिवसापासून वाढवतेय मी. पहिल्या वेण्या आहेत या माझ्या. आणि तुम्ही निघालात पुन्हा कात्री घेऊन.

कोर्ले : चिकटून घालून देईन मी, यायरा. रडायचं काम नाही त्यात.

यायरा : घाला, आंटी. टीमसाठी घालेन चिकटून. पण त्या कागदावर दहा नाही लिहायचे.

ओकाई : का? वेण्या चिकटल्या की प्रश्न मिटला ना?

यायरा : माझा मिटला. खोक्यावर काय छापणार आहेत ते सांगा की आंटींना.

कोर्ले : काय छापणार आहेत?

ओकाई : काही नाही. हेडसेटच्या कंपनीला एका मुलीचं मत हवं होतं. हिचं नाव, हिचा फोटो, खाली “डोक्यावर काही आहे हे जाणवलंसुद्धा नाही” हे वाक्य.

कोर्ले : “जाणवलंसुद्धा नाही”? आणि फोटो या वेण्यांचा?

ओकाई : त्यात काय बिघडलं?

कोर्ले : माझ्याकडे येणारी प्रत्येक पोर तो फोटो बघून हा डबा विकत घेईल आणि मग माझ्या पायरीवर बसून डोकं धरेल. लाज नाही वाटत?

ओकाई : लाज? बारा कागदांच्या बदल्यात कंपनी आपल्याला आबिदजानच्या गेमिंग स्पर्धेला नेतेय. बस त्यांची, राहणं त्यांचं. आपल्या आशायमानच्या पोरांना एरवी देशाबाहेर कोण नेतं? लाज घेऊन जाऊ तिकडे?

यायरा : मलाही जायचंय. पासपोर्टचा फोटो याच वेण्यांत काढलाय मी. पण माझ्या तोंडी खोटं घालून नाही.

ओकाई : मग जाऊ नकोस! सही मी करतो. तुला विचारतंय कोण?

यायरा : कागदाच्या तळाशी कंपनीचा नंबर आहे. व्हॉट्सअ‍ॅप करते.

ओकाई : यायरा. फोन खाली ठेव.

यायरा : “नमस्कार. मी यायरा अग्बेली, ओकाईदादांच्या टीममधली. माझ्या नावाचा कागद मी लिहिलेला नाही. हेडसेट मी आज घातला, दहा मिनिटं. आवाज चांगला आहे. पण वेण्यांवर पट्टी रुततेय, कानापाशी फट राहतेय, पावलं कुठून येतात कळत नाही. आरामाला दहापैकी दोन. माझा फोटो छापू नका.” ...पाठवला.

कोर्ले : गेला?

यायरा : पोचल्याच्या दोन खुणा आल्या.

ओकाई : निळ्या झाल्या का? वाचला त्यांनी?

यायरा : अजून नाही.

ओकाई : मग वाचायच्या आत पुसता येतो. यायरा, ऐक. टीममधल्या ओबोडाईने कामावर सुट्टी मागून ठेवलीय. टेटेच्या आईने पोरगा स्पर्धेला चाललाय म्हणून गल्लीभर सांगितलंय. त्यांचं तोंड बघ. मी चुकलो, तुला न विचारता लिहिलं, चुकलो. पाया पडू का? पूस तो.

यायरा : पुसता येतो. बोट त्याच्यावरच आहे माझं.

ओकाई : मग दाब ना, बाई! कुणाची वाट बघतेस?

कोर्ले : तिच्या हातातलं तिला करू द्या.

ओकाई : यायरा...

यायरा : निळ्या झाल्या.